मैदानात चारचौघांत, फोनवरही चारचौघांत

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या कार्यकर्त्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या तालमीनं यंदा १४ वर्षांखालच्या मुला-मुलींना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. सरावाची वेळ कळवायला व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मुलं, पालक, प्रशिक्षक, तालमीची थोरली पोरं असे बघता बघता ८० जण झाले. आता एका आईची तक्रार आहे की एक सर तिच्या मुलीला रात्री वैयक्तिक मेसेज करतात. मेसेजमध्ये वावगं काही नाही, पण तिला ते खटकतंय. दुसरीकडं एका पोराचा सामन्यातला व्हिडिओ फिरला आणि तो सरावाला यायचा थांबला. नियम करायचे तर कोणते? आणि फार नियम केले तर पोरं आमच्यापासून तुटणार नाहीत का?"

आधी त्या आईकडं जा. नियमावली नंतर. घरी जाऊन भेटा, शक्यतो तालमीशी संबंधित एखादी जबाबदार बाई बरोबर घेऊन. ती काय सांगते ते पूर्ण ऐका. "सर तसले नाहीत हो, आम्ही त्यांना लहानपणापासून बघतोय" हे वाक्य तोंडून निघू देऊ नका. सर तसले नसतीलही. पण हे वाक्य एकदा ऐकलं की पुढची आई तक्रार घेऊन येत नाही, ती मुलीला गुपचूप घरी बसवते. आणि तिला खटकलं ना, एवढं पुरेसं आहे. तिनं पुरावा आणून द्यावा अशी अपेक्षा ठेवू नका.

मग सरांशी बोला. त्यांच्यावर आळ घेऊ नका, पण गोलमोलही बोलू नका. आजपासून कुठल्याही मुलीला किंवा मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, एवढं सरळ सांगा. आधीचे मेसेज कुणी पुसायचे नाहीत, हेही सांगा. चांगला माणूस असेल तर त्याला पहिल्यांदा वाईट वाटेल आणि मग पटेल. जो चिडून "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणत राहील, त्याच्याकडं मात्र जरा जास्त लक्ष ठेवा.

हा नियम कशासाठी, ते सांगतो. मी पेठेतच वाढलो. पहाट तालमीत आणि संध्याकाळ गांधी मैदानात. तालमीत आमचे वस्ताद हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, काठावर बसलेले असायचे. जोर-बैठका असोत, लढत असो, सगळं त्यांच्या आणि आणखी दहा पोरांच्या डोळ्यांदेखत चालायचं. शिवी बसायची ती सगळ्यांसमोर, पाठीवर थाप पडायची तीही सगळ्यांसमोर. पुढं मी स्वतः पोरांना फुटबॉल शिकवायला लागलो, त्याला आता २० वर्षांवर झाली, आणि मैदानावर आम्ही हीच रीत ठेवली. कुठलाही सर रात्री साडेदहाला एकट्या मुलीला मैदानात बोलावून "आज छान खेळलीस" म्हणणार नाही. म्हणालाच तर दुसऱ्या दिवशी सगळी पेठ जाब विचारेल. फोनवर मात्र तेच बिनदिक्कत चालतं, कारण तिथं कट्टा नाही, येणारा-जाणारा नाही, काठावर बसलेला वस्ताद नाही. म्हणून माझा मूळ नियम एकच आहे: मोठ्या माणसानं मुलाशी जे बोलायचं ते चारचौघांत. मैदानात तसंच फोनवर. बाकी सगळं त्यातून निघतं.

व्यवहारात हे असं होतं. निरोप असेल तर तो पालकाला जातो. मुलाकडं स्वतःचा फोन आहे आणि त्याच्याशीच काही बोलायचं आहे, तर सर, मूल आणि पालक असा तिघांचा ग्रुप. पालकाला वेळ नसेल तर दुसरा प्रशिक्षक तिसरा माणूस म्हणून घ्या. व्हिडिओ कॉलवर डावपेच समजावायचे असतील तर तेही तिघांत. हा नियम फक्त मुख्य प्रशिक्षकाला नाही. तालमीतली १९-२० वर्षांची पोरं, ज्यांना लहान मुलं "दादा" म्हणतात आणि ज्यांच्यासारखे केस कापून घेतात, त्यांना तो जास्त काटेकोरपणे लावा. आपण प्रशिक्षकावर नजर ठेवतो आणि दादाला विसरतो.

मुलींच्या नंबराबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती मी अजून विसरलेलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं १३ वर्षांची एक मुलगी डाव्या बगलेवर खेळायची. डावा पाय असा की चेंडू मारला की बघणारा मान वळवेपर्यंत तो गोलजाळ्यात. आमचा ग्रुप तेव्हा तुमच्यासारखाच होता, सगळे एकत्र, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसणारे. कुणाच्या तरी थोरल्या भावानं लहान भावाच्या फोनवरून तिचा नंबर उचलला. पहिल्यांदा "हाय". मग "डीपी छान आहे". मग "मॅच बघायला आलो होतो, निळ्या बाटलीतून पाणी पीत होतीस ना". दोन आठवडे तिनं कुणाला सांगितलं नाही. शेवटी तिच्या वडिलांच्या नजरेला पडलं. त्यांनी बूट आणि किट पिशवीत भरून माळ्यावर टाकलं. मी घरी गेलो. चहा झाला. वडील म्हणाले, "सर, तुमचा काही दोष नाही. पण आता नको." दोष माझाच होता, ग्रुप मी काढला होता. त्या पोराला त्याच्या घरच्यांनी दोन थोबाडीत दिल्या आणि विषय मिटला. मुलीचा खेळ मात्र संपला. आपल्याकडं फोनवरच्या आगळिकीची शिक्षा अशीच मुलीला होते: सराव बंद, फोन बंद, कधी कधी शाळेची वाटही बदलते. म्हणून मुलींच्या संघाच्या बाबतीत नंबर जपणं म्हणजे तिचा खेळ जपणं, असं मी धरतो.

तेव्हा तुमच्या ग्रुपची मोडतोड करा. ८० जणांच्या त्या ग्रुपमधून मुलं काढा, थोरली पोरं काढा. सूचनांचा एक ग्रुप ठेवा, त्यात फक्त पालक, आणि मेसेज फक्त ॲडमिन टाकू शकेल अशी सेटिंग. त्याहून चांगलं म्हणजे व्हॉट्सॲपमध्ये कम्युनिटी म्हणून जी सोय आहे ती वापरा. तिच्या सूचना-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. ॲडमिन दोन ठेवा, त्यातली एक बाई असू द्या. आपोआप पुसले जाणारे मेसेज ही सेटिंग क्लबच्या कुठल्याही ग्रुपमध्ये बंद ठेवा. उद्या काही विचारायची वेळ आली तर मेसेज जागेवर असले पाहिजेत. आणि पालकांना एकदा हातात फोन घेऊन दाखवा की "मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं" ही सेटिंग "सर्वजण" वरून "माझे संपर्क" वर कशी आणायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणीतरी शेजारी बसून दाखवल्याशिवाय होत नाही.

मेसेज कसा असावा हेही सांगतो, कारण अडचण बऱ्याचदा शब्दांत असते. "उद्या लवकर ये, जरा बोलायचंय" हा मेसेज चांगल्या मनानं पाठवला तरी वाईट आहे. त्यात वेळ नाही, कारण नाही, तिसरा माणूस नाही. तोच निरोप असा जातो: "उद्या सकाळी ६.१५ ला गांधी मैदान. शिनगार्ड आणि पाण्याची बाटली. ७.४५ ला सुटेल. घ्यायला कोण येणार ते पालकांनी कळवावं. गोलकीपरांशी सरावानंतर १० मिनिटं बोलणार आहे, पालक थांबले तरी चालेल." रुक्ष वाटतो, वाटू दे. संध्याकाळी ८ नंतर मेसेज नाही. अपवाद फक्त पावसाचा. जुलैमध्ये गांधी मैदानाचं तळं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की रात्री ११ लाही निरोप टाकावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुठलं मूल कुठं आहे हे आम्हाला अशा ग्रुपमुळंच कळलं. अशा वेळी उपयोगी पडावा म्हणूनच एरवी तो स्वच्छ ठेवायचा.

ज्या मुलाच्या घरी स्मार्टफोन नाही, त्याचा विचार कुणी करत नाही. बाप गवंडीकामावर, आई धुणीभांडी करणारी, घरात एक बटणाचा फोन. सराव रद्द झाला की तो एकटाच सहाला मैदानात येऊन उभा राहतो. तालमीच्या दारात फळा असतोच. रोजचा निरोप आधी फळ्यावर लिहा, मग त्याचाच फोटो ग्रुपवर टाका. अशा दोन-चार घरी फोन करायची जबाबदारी एका माणसाला नेमून द्या.

आता एक गोष्ट जी जवळजवळ प्रत्येक क्लब करतो आणि ताबडतोब बंद करायला हवी. स्पर्धेची नोंदणी जवळ आली की ग्रुपवर मेसेज पडतो, "सर्वांनी आधार, जन्मदाखला आणि बोनाफाईडचा फोटो इथंच टाका." आणि ४० घरांतून ४० मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा, पत्ते, शाळा आणि फोटो ८० फोनमध्ये जाऊन बसतात. ती कायम तिथं राहतात, फोन विकला तरी कुठंतरी राहतात. कागद एकाच माणसाकडं, हातात किंवा त्याच्या एकट्याच्या नंबरवर पालकांकडून यावेत. नोंदणी झाली की त्यानं ते पुसावेत आणि पुसल्याचं पालकांना कळवावं. आयोजकांना चालत असेल तिथं आधारची झाकलेली प्रत द्या. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती काढता येते आणि तिच्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं त्यात म्हटलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपण आपल्या स्वतःच्या मुलीचं आधार ८० जणांना वाटू का?

आता त्या व्हिडिओबद्दल. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

आमचा १५ वर्षांचा एक गोलकीपर होता. निर्णायक सामना टायब्रेकरवर गेला. शेवटचा फटका त्याच्या हातातून निसटून पायांमधून आत गेला. कुणीतरी ते शूट केलं होतं. आमच्याच एका पोरानं ग्रुपवर टाकलं, मी त्याखाली "पुढच्या वेळी गुडघे जुळव रे" असं लिहिलं. मला वाटलं, मी शिकवतोय. रात्रीपर्यंत तो तुकडा दुसऱ्या पेठेतल्या पोरांकडं गेला, त्याला गाणं लागलं, हसणाऱ्या बाहुल्या लागल्या, आणि सकाळी त्याच्या वर्गातल्या पोरांनी तो त्यालाच दाखवला. तीन आठवडे तो मैदानाकडं फिरकला नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्हीच लिहिलं होतं ना खाली." मी माफी मागितली. पुढच्या सरावात सगळ्या संघासमोरही मागितली. तो परत आला, पण गोलमध्ये उभा राहायला त्यानं आणखी एक हंगाम घेतला.

तेव्हापासून आमच्याकडं चूक झालेला, रडणारा, पडलेला, दुखापत झालेला मुलगा किंवा मुलगी कुठल्याही व्हिडिओत बाहेर जात नाही. चूक दाखवायची तर मैदानात, त्याच्या शेजारी बसून, आणि क्लिप तिथंच पुसायची. कपडे बदलण्याच्या खोलीत फोन बाहेर निघतच नाही, जिंकल्यावरच्या जल्लोषातही नाही. कुस्तीची आणि पोहण्याची पोरं शिकवणाऱ्यांनी हे आणखी जपावं. हौद्यात लंगोटावरचं पोर म्हणजे आपल्या मातीचं नेहमीचं चित्र, बघणाऱ्यांच्या मनात काही नसतं. पण तोच फोटो सार्वजनिक पानावर गेला की बघणारे आपण निवडलेले राहत नाहीत. संघाचा, पूर्ण कपड्यातला, बक्षिसाचा फोटो टाका.

फोटो टाकूच नका असं मी अजिबात म्हणत नाही. नेमबाज स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं तेव्हा राधानगरी तालुक्यातल्या त्याच्या गावापासून कोल्हापूर शहरापर्यंत प्रत्येक फोनवर त्याचा फोटो होता, आणि आमची पोरं तो बघून दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर आली. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून पदक घेऊन परतले तेव्हा वाटेत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. कौतुक ही आपल्याकडं सार्वजनिकच गोष्ट आहे आणि मुलाला ते मिळालं पाहिजे. फक्त चार गोष्टी एका पोस्टमध्ये एकत्र येऊ देऊ नका: चेहरा, पूर्ण नाव, शाळा, आणि रोज कुठं किती वाजता सापडेल ते. फोटो सामना संपून सगळे घरी पोचल्यावर टाका, चालू असताना नाही. आणि हंगामाच्या सुरुवातीला पालकांकडून एका कागदावर होकार-नकार घ्या. ज्या घरानं नकार दिला त्याला कारण विचारू नका. एखाद्या घरात आई-वडिलांचा वाद कोर्टात चालू असतो, मूल कुठं राहतं हे एका बाजूला कळू द्यायचं नसतं. मुलालाही विचारा. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला स्वतःच्या तोंडाबद्दल मत असतं.

इन्स्टाग्रामचं थोडक्यात. क्लबचं एक खातं, पासवर्ड दोन मोठ्यांकडं. प्रशिक्षकानं आपल्या वैयक्तिक खात्यावरून १८ खालच्या खेळाडूला फॉलो करायचं नाही, आणि त्यांची विनंती आली तरी घ्यायची नाही. इन्स्टाग्रामनं अल्पवयीनांची खाती आता आपोआप खासगी ठेवायला सुरुवात केली आहे, भारतातही. १६ खालच्यांना ती सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण निम्म्या पोरांनी खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलेलं असतं. ते दुरुस्त करून घ्या.

आणि स्टेटस. कोल्हापूरचा फुटबॉल ईर्षेवर चालतो, हे मी अभिमानानं सांगतो. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ उतरले की जे वातावरण असतं त्यासाठीच आपण जगतो. पण ती ईर्षा ९० मिनिटांची असते, स्टेटस २४ तास राहतं. "कुणाची हवा" म्हणून टाकलेल्या चार शब्दांवरून चौकात गाठून मारामारी झाल्याचं तुम्हीही पाहिलं असेल. जून २०२३ मध्ये तर स्टेटसवरून शहर किती पेटू शकतं, इंटरनेट कसं बंद करावं लागतं हे आपण सगळ्यांनी अनुभवलं. १४ वर्षांच्या पोराला हे भाषण देऊन कळत नाही. त्याला त्याच्या दादाचं स्टेटस दिसतं आणि तो तेच उचलतो. म्हणून आमच्याकडं नियम थोरल्यांना आहे: विरोधी संघाबद्दल, पंचांबद्दल, कुणाच्या जाती-धर्माबद्दल काहीही टाकलं तर पुढचे दोन सामने बाहेर. स्वतः कर्णधारालाही हा नियम आम्ही लावला आहे.

पालकांनाही एक पथ्य. "माझ्या पोराला का बसवलं?" हा प्रश्न सामन्याच्या रात्री ग्रुपवर नको. एक रात्र जाऊ द्या, मग मैदानात येऊन विचारा. ग्रुपवर आई-वडील भांडतात तेव्हा ते त्यांचं पोर वाचत असतं, आणि दुसऱ्याचं पोरही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: पोरं तुटतील का? मला याची भीती होती. अनुभव उलटा आला, कारण मी एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगून टाकली. हा नियम मोठ्यांना आहे, मुलांना नाही. एखाद्या मुलानं रात्री ११ ला सरळ मला मेसेज केला, "सर, मला घरी थांबायचं नाही," तर मी त्याला "ग्रुपवर टाक" म्हणणार नाही. मी लगेच उत्तर देतो. पहिलं विचारतो की आत्ता तू सुरक्षित आहेस का. मग सांगतो की तू सांगितलंस हे बरं केलंस, मी हे एकट्यानं ठेवणार नाही, अमक्यांना सांगणार आहे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका, ते मोडावं लागतं आणि मग पोर पुन्हा कधीच बोलत नाही. तिसरा माणूस पालकच असला पाहिजे असं नाही, कधी कधी त्रास घरातच असतो. म्हणून तालमीनं एक व्यक्ती आधीच नेमून ठेवावी, शक्यतो बाई, शिकवण्याशी आणि संघ निवडण्याशी जिचा काही संबंध नाही. आमच्याकडं गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचं नाव फळ्यावर खडूनं नाही, रंगानं लिहिलंय. पोरं त्यांना "बाई" म्हणतात आणि त्यांच्या पायरीवर बसून जे सांगतात ते मला सात जन्मांत सांगणार नाहीत.

मूल काही गंभीर सांगतं तेव्हा काय करायचं, हे नीट वाचा. कुणी घाणेरडे मेसेज केले, फोटो मागितले, "नाही दिलास तर संघातून काढीन" किंवा "आहेत ते फोटो फिरवीन" म्हणाला, तर समोरच्याला फोन करून दम देऊ नका. तो सगळं पुसून टाकेल. मुलाची उलटतपासणी करू नका, तेच तेच वदवून घेऊ नका. चॅट जशी आहे तशी ठेवा, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मात्र मुलाचा उघडा फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका आणि पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका, कमिटीच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. असं चित्र बाळगणं आणि पुढं पाठवणं हाही गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. फोन आहे तसा घेऊन पोलिसांकडं जा.

तक्रार करायची की नाही हे कमिटीनं बैठक घेऊन ठरवायचं नसतं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, त्याचं कलम १९ सांगतं की मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं दडवलं तर वर्षापर्यंत. वाईट हेतूनं फोनवरून मुलाच्या सारखं मागं लागणं हेही याच कायद्यात येतं, हात लावलाच पाहिजे असं नाही. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही तिथंच लिहिलंय. "तालमीची अब्रू जाईल" हे वाक्य अशा बैठकीत हमखास येतं. ते म्हणणाऱ्याला कलम २१ वाचून दाखवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, दिवसरात्र. मुलाचं नाव कमिटीबाहेर जाता कामा नये.

ग्रुप ॲडमिनची भीती बऱ्याच जणांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, त्याचाही त्यात समान हेतू असावा लागतो. तेव्हा भिऊन ॲडमिनपद सोडू नका. पण वाईट मजकूर दिसला की आधी नोंद ठेवा, मग सगळ्यांसाठी पुसा आणि टाकणाऱ्याला बाहेर काढा.

एक फसवणूक पोरांच्या स्वप्नावरच बेतलेली असते. "तुमच्या मुलाची निवड झाली, ट्रायलची फी आज रात्रीपर्यंत यूपीआयनं भरा." अनोळखी नंबर, लोगो खरा वाटणारा. निवडीचा कुठलाही मेसेज आधी क्लबला दाखवा, आम्ही विचारून सांगतो, एवढं पालकांच्या कानावर घाला. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकं ते परत मिळणं अवघड.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. या आठवड्यात ती आई, ते सर आणि तो व्हिडिओवाला पोरगा, एवढंच करा. पोराच्या घरी मोकळ्या हातानं जा, "परत ये" म्हणू नका, आधी चूक आमची होती म्हणा. रविवारी सरावानंतर पालकांना अर्धा तास थांबवा, चहा सांगा, आणि नवीन ग्रुप त्यांच्यासमोरच काढा. त्यात पहिला मेसेज मी आमच्याकडं टाकतो तो असा, हवा तर जसाच्या तसा घ्या:

"नमस्कार. हा ग्रुप फक्त पालकांसाठी आहे. सराव आणि सामन्याचे निरोप इथं येतील, संध्याकाळी ८ पर्यंत. आमचे कुणीही प्रशिक्षक किंवा मोठे खेळाडू तुमच्या मुलाला एकट्याला मेसेज करणार नाहीत. कुणी केला तर तो आम्हाला किंवा फळ्यावर नाव आहे त्या बाईंना दाखवा, साधा असला तरी दाखवा. मुलांनी आम्हाला कधीही, कितीही वाजता मेसेज केला तरी चालेल."